मदत हवी आहे: डायझेपाम टाकूनही करंट वाढत नाहीये

पिपेटधारी
पेशीवर गॅबा (मेंदूतल्या चेतापेशींना शांत करणारं रसायन) सोडला की पेशीतून वाहणारा करंट झकास येतो. त्याच पेशीवर गॅबा आणि डायझेपाम एकत्र सोडलं की... तेवढाच! तीन दिवस हेच चाललंय. औषध नव्याने बनवलं, दोनदा. डायझेपामसारखी बेन्झोडायझेपिनं गॅबा-ए रिसेप्टरचं (गॅबा जिथे बसतो त्या प्रथिनाचं) काम वाढवतात असं पुस्तकात छापलंय, मग माझ्याकडेच का नाही? शुक्रवारी सरांना आलेख दाखवायचाय. जाणकारांनी कृपया लवकर सांगा.

शंकासुर
पेशी कुठल्या? गॅबा किती? रिसेप्टरची उपएककं (ज्या तुकड्यांनी तो बनतो ते) कोणती? तुमच्या टेबलावर काय मांडलंय ते आम्हाला इथून कसं दिसणार?

निवांत
डायझेपाम रोज घेऊ नका. सवय लागते आणि एकदम बंद केलं तर झटके येऊ शकतात. डॉक्टरांशी बोला.

शंकासुर
@निवांत, अहो ते स्वतः घेत नाहीयेत, पेशींना पाजताहेत.

पिपेटधारी
सॉरी. हेक पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशी), होल्डिंग (पेशीवर धरून ठेवलेलं व्होल्टेज) −६० मिलीव्होल्ट. गॅबा १ मिलीमोलर, डायझेपाम १ मायक्रोमोलर.

जुनं_खोड
इथेच घोडं पेंड खातंय. १ मिलीमोलर गॅबाने रिसेप्टर तुडुंब भरतो, वाढायला जागाच उरत नाही. डायझेपाम स्वतः रिसेप्टरचं दार (ज्यातून क्लोराइड ये-जा करतं ते) उघडत नाही, थोडक्या गॅबाचं काम सोपं करतं. म्हणजे मात्रेचा आलेख डावीकडे सरकतो, माथा तिथेच राहतो. कमाल करंटच्या ५-१० टक्केच करंट येईल एवढा गॅबा घे.

बार्बी
एवढा खटाटोप कशाला? पेन्टोबार्बिटल टाक, हमखास वाढेल. बेन्झो दार वारंवार उघडायला लावतात, पेन्टोबार्बिटलसारखी बार्बिट्युरेट उघडलेलं दार जास्त वेळ धरून ठेवतात. मोठ्या मात्रेत तर गॅबा नसतानाही दार उघडतात.

जुनं_खोड
म्हणूनच त्यांची जादा मात्रा जिवावर बेतते. आणि मुलाला डायझेपामचा परिणाम दाखवायचाय, तुझ्या लाडक्या औषधाचा नाही.

बार्बी
लाडकं वगैरे काही नाही, सेटअप ठीक आहे की नाही तेवढं तरी कळेल!

गुंगीशास्त्री
एक गैरसमज दूर करतो. सगळीच गुंगीची औषधं गॅबावर चालत नाहीत. डेक्समेडेटोमिडिन अल्फा-२ अ‍ॅड्रिनर्जिक रिसेप्टरवर, केटामाइन मुख्यतः एनएमडीए या वेगळ्याच रिसेप्टरवर. आणि तो अल्फा-२ म्हणजे गॅबाचं अल्फा-२ उपएकक नव्हे, हे मी जन्मभर सांगतोय.

शंकासुर
हा गैरसमज इथे कोणाचा होता?

पिपेटधारी
गॅबा ३ मायक्रोमोलर केला. करंट छोटा येतो. डायझेपाम टाकलं तरी तेवढाच छोटा!! वैताग आलाय.

नवशिकी
मध्येच विचारते. क्लोराइड आत शिरून पेशी ऋण होते ना? मग यांचा करंट खाली जाणारा असेल की वर?

जुनं_खोड
@नवशिकी, पिपेटमध्ये आणि बाहेर क्लोराइड सारखंच ठेवलं असेल तर −६० ला ते उलट बाहेर पडतं. ऋण भार बाहेर गेला म्हणून रेघ खाली. चेतापेशीत आतलं क्लोराइड कमी, म्हणून तिथे आत शिरतं.
@पिपेटधारी, शंकासुराने पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं त्याचं उत्तर राहिलंय. उपएककं?

पिपेटधारी
अल्फा-१, बीटा-२, गॅमा-२. नेहमीचीच. ते काय सांगायचं!

शंकासुर
तेच सांगायचं. पाच उपएककांची कडी असते. गॅबा बसतो बीटा आणि अल्फाच्या सांध्यांत, डायझेपाम अल्फा आणि गॅमाच्या सांध्यात. गॅमा कडीत शिरलाच नसेल तर गॅबाला करंट मिळेल, डायझेपामला बसायला जागा नाही. १० मायक्रोमोलर झिंक टाकून बघा. नुसत्या अल्फा-बीटाचा करंट झिंकने दबतो, गॅमा असेल तर फारसा हलत नाही.

बार्बी
आणि पेन्टोबार्बिटल गॅमाशिवायही चालतं. म्हणजे मी सांगितलेलं...

जुनं_खोड
...काहीच कळू देणार नव्हतं.

पिपेटधारी
झिंक टाकलं. करंट जवळजवळ गेला. प्लास्मिडचं (उपएककांची जनुकं वाहून नेणाऱ्या डीएनएच्या कड्यांचं) मिश्रण मला तयार मिळालं होतं, त्यात तिन्ही असतील असं धरून चाललो. आत्ता फ्रीझर उघडला. गॅमाची नळी कोपऱ्यात, बर्फाने मढलेली, झाकणाची पट्टीसुद्धा फोडलेली नाही. उद्या पुन्हा ट्रान्सफेक्शन (पेशींत ते डीएनए घालणं). गॅमा किती घालू?

शंकासुर
इतर दोघांपेक्षा जास्त. आणि नळीतून मिश्रणात स्वतःच्या हाताने घाला.

निवांत
पण झोप लागत नसेल तर नुसतं झिंक चालेल का?