जीप लढाईतली की नंतरची?

होटगीरोड: नमस्कार. सोलापूरजवळच्या आमच्या वस्तीवर, कडब्याच्या गंजीला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये आजोबांची जीप कित्येक वर्षे उभी आहे. ती ‘लढाईतली’ असून सैन्याच्या लिलावात घेतली, असे घरात सांगतात. कागदपत्रे मात्र वाळवीने खाल्ली. गाडी खरोखर महायुद्धकालीन आहे, हे कशावरून ओळखावे?

बाळीवेस: आधी समोरची काच पाहा. महायुद्धातल्या जीपची काच दोन भागांत असते, बॉनेट बसके असते आणि मागे उघडणारा फाळका नसतो. १९५३ साली विलिस या अमेरिकी जीप कंपनीने उंच इंजिन मावावे म्हणून सीजे-३बी या मॉडेलचे बॉनेट उंचावले. महिंद्राने पुढे तेच मॉडेल वर्षानुवर्षे बनवल्यामुळे आपल्याकडे बहुतेक ‘लढाईतल्या’ जीपा प्रत्यक्षात त्याच निघतात. लढाईतल्या जीपचे हेडलाइट बिजागरीवर असतात. नट सैल करून दिवा मागे उलटवला की रात्री इंजिनावर उजेड पडतो.

जुना मिस्त्री: वरील खुणांत एक भर घालतो. मूळ नमुना विलिसचा नव्हे, तर बँटम या छोट्या कंपनीचा होता. अमेरिकी सैन्याने घातलेल्या ४९ दिवसांच्या मुदतीत तिने सप्टेंबर १९४० मध्ये तो हजर केला. पण मोठ्या प्रमाणावर गाड्या पुरवणे तिच्या आवाक्याबाहेरचे वाटल्याने, आणि विलिसचे ६० अश्वशक्तीचे इंजिन सरस ठरल्याने, मुख्य काम विलिसला व नंतर फोर्डलाही मिळाले (बँटमवर हा अन्यायच झाला, असे माझे मत). दोघांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बनवल्या. त्या इतक्या सारख्या, की रेडिएटरखालची चासीची आडवी दांडी पाहावी लागते: गोल नळी असेल तर विलिस, उलट्या यू आकाराची असेल तर फोर्ड. फोर्डने तर बोल्टांवरही आपले ‘एफ’ अक्षर कोरले होते.

होटगीरोड: आज कडबा बाजूला सारून पाहिले. काच दोन भागांत आहे, डावा दिवा बिजागरीवर उलटतो, उजवा गंजून घट्ट बसला आहे आणि दांडी गोल नळीची आहे. मागे मात्र फाळका आहे आणि बॉनेटखाली डिझेल इंजिन.

जुना मिस्त्री: फाळका आणि इंजिन नंतर बसवलेले असणार, डिझेल स्वस्त असल्याने असे बदल सर्रास होत. चासी विलिसचीच दिसते. उजव्या दिव्यावर जोर लावू नका, बिजागरीत तेल सोडून रात्रभर तसाच ठेवा.