ग्रंथालयाचे त्रिमितीय आभासी दालन: वाचकाला हवी ती वाट सापडते का?

ग्रंथयात्री

नमस्कार. मी तालुक्याच्या ठिकाणच्या एका महाविद्यालयाचे ग्रंथालय सांभाळते. आमची देवघेव बंद कपाटांची आहे. विद्यार्थी ओपॅकवर (ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत) शीर्षक शोधतो, मागणीपत्र देतो आणि परिचर पुस्तक आणून देतात; त्यामुळे त्या पुस्तकाच्या शेजारी काय उभे आहे, हे त्याला कधीच दिसत नाही. आता डोळ्यांवर आभासी दृश्य दाखवणारा हेडसेट लावून फिरता येईल असे त्रिमितीय दालन करावे, त्यात आमची पुस्तके, शोधगंगा या संकेतस्थळावरील पीएच.डी.चे प्रबंध आणि मराठी विश्वकोशातील नोंदी विषयवार मांडाव्यात, असा प्रस्ताव आमच्या समितीपुढे आला आहे. कल्पना मला मनापासून आवडली आहे. परंतु अशा जागेत फिरल्याने विद्यार्थ्याला विषयाची ओळख अधिक चांगली होते, की साधी यादीच त्याला लवकर पोहोचवते? ज्यांनी या विषयाचा अभ्यास केला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रेखांश

मॅडम, हा प्रश्न हेडसेटपेक्षा जुना आहे आणि त्याची उत्तरे दोन्ही बाजूंनी मिळालेली आहेत. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी ‘डेटा माउंटन’ नावाची रचना तपासली. पडद्यावर एक उतरता पृष्ठभाग दाखवला होता आणि त्यावर शंभर वेबपानांची छोटी चित्रे प्रत्येकाने स्वतःच्या मनाप्रमाणे मांडायची होती. ती पाने पुन्हा शोधताना लोक त्या वेळच्या ब्राउझरमधील आवडत्या पानांच्या यादीपेक्षा जलद ठरले. काही महिन्यांनी तीच माणसे परत आली, तेव्हा आपण कोणते पान कुठे ठेवले होते हे त्यांच्या चांगले लक्षात होते.

यावरून तिसरी मिती उपयोगी आहे असा निष्कर्ष काढणे सोपे होते. मात्र न्यूझीलंडमधील कँटरबरी विद्यापीठात कॉकबर्न आणि मॅकेन्झी यांनी २००१ आणि २००२ मध्ये सपाट आणि त्रिमितीय मांडण्यांची थेट तुलना केली, तेव्हा खोलपणामुळे शोधाचा वेग वाढला नाही; उलट तिसऱ्या मितीची मोकळीक जसजशी वाढली तसतशी कामगिरी खालावली. माझ्या मते ‘डेटा माउंटन’ला यश मिळाले ते खोलपणामुळे नव्हे, तर वस्तू ज्याने शोधायची त्यानेच ती जागेवर ठेवली होती म्हणून. दुसऱ्याने लावलेल्या दालनात विद्यार्थ्याला नुसते फिरवले तर हा लाभ त्याला मिळणार नाही.

वर्गांक

मी आयुष्यभर वर्गीकरणाचे काम केले आहे, म्हणून या प्रश्नाकडे कपाटाच्या बाजूने पाहतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी फळीवरील मांडणीचा एक आकृतिबंध सांगितला होता. वाचकाचा नेमका विषय मध्यभागी असावा, त्याच्या दोन्ही हातांना अंशतः संबंधित विषय असावेत आणि त्यापलीकडे परके विषय सुरू व्हावेत. चांगल्या कपाटापुढे उभा राहिलेला वाचक कोणी काही न सांगता हे शिकतो, आणि आपल्याकडील बंद कपाटांनी नेमके हेच त्याच्यापासून हिरावले आहे.

अडचण अशी की खरी फळी एकाच सरळ रेषेत धावते. पुस्तकांना विषयानुसार अंक (वर्गांक) देणाऱ्या ड्यूई पद्धतीत जलअभियांत्रिकी ६२७ मध्ये येते आणि जमीन व मशागतीची तंत्रे ६३१ मध्ये. ठिबक सिंचनावरील पुस्तक या दोन्ही ठिकाणी शोधले जाते, पण त्याची प्रत एकाच ठिकाणी उभी राहू शकते. आभासी दालनात ही सक्ती उरत नाही. तेच पुस्तक दोन्ही फळ्यांवर दाखवता येईल, आणि शेतीच्या विद्यार्थ्यासाठी एक तर भूगोलाच्या विद्यार्थ्यासाठी दुसरी मांडणी क्षणात उभी करता येईल. हे करायचे नसेल, केवळ लाकडी कपाटांचे हुबेहूब चित्र काढायचे असेल, तर त्यावर पैसा खर्च करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्यासाठी आधी प्रत्येक नोंदीला एकाहून अधिक विषयशीर्षके द्यावी लागतील. हे काम ग्रंथपालाचेच आहे; कोणतेही सॉफ्टवेअर ते आपल्यासाठी समजून-उमजून करणार नाही.

लेणीवाट

वर्गांक सरांशी मी सहमत आहे. मात्र काही ज्ञान मुळातच जागेत वसलेले असते आणि तिथे त्रिमितीला पर्याय नाही, हेही नोंदवावेसे वाटते. अजिंठ्याचे उदाहरण घ्या. तेथील लेण्यांचे क्रमांक वाघोरा नदीच्या वळणावरील पायवाटेप्रमाणे दिलेले आहेत, कालक्रमाप्रमाणे नाहीत. ९ आणि १० ही सर्वांत जुन्यांपैकी असलेली चैत्यगृहे (स्तूप असलेली प्रार्थनागृहे) ओळीच्या मध्यावर येतात आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना कित्येक शतकांनंतरची लेणी आहेत. पुस्तकात १ पासून वाचत जाणाऱ्याच्या मनात काळाचा गोंधळ होतो. आभासी दरीत उभे राहून आधी पहिल्या टप्प्यातील लेणी उजळवली आणि मग वाकाटक काळातील उजळवली, तर काळ आणि जागा यांचा संबंध विद्यार्थ्याला एका दृष्टीत कळतो.

पहिल्या लेण्यातील पद्मपाणीचे चित्र आपण सर्वांनी छापील पानावर पाहिले आहे, परंतु ते गर्भगृहाकडे जाणाऱ्या दाराच्या डाव्या अंगाला आहे, उजवीकडे वज्रपाणी आहे आणि मधल्या अंधारात बुद्धमूर्ती बसलेली आहे, ही रचना त्या पानावरून कळत नाही. तुमच्या दालनात इतिहास आणि भूगोल विभागांना अशी एखादी जागा जरूर द्यावी.

रेखांश

व्यवहाराच्या दोन गोष्टी. चांगल्या दृष्टीला बारीक अक्षर स्पष्ट दिसण्यासाठी दृष्टिक्षेत्राच्या कोनातील प्रत्येक अंशात साधारण ६० पिक्सेल (पडद्यावरील प्रकाशबिंदू) लागतात. क्वेस्ट २ या हेडसेटमध्ये ते सुमारे २० आहेत. देवनागरीत अनुस्वार, रफार आणि ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्या नेमक्या अशा ठिकाणी विरघळतात, म्हणून विश्वकोशाची लांब नोंद हेडसेटमध्ये वाचायला लावू नये. शिवाय डोळ्यांना हालचाल दिसते आणि आतल्या कानाला ती जाणवत नाही, यामुळे अनेकांना मळमळते.

दुसरे असे की मोझिलाने २०१८ मध्ये सुरू केलेली ‘हब्ज’ ही आभासी खोल्यांची सेवा २०२४ मध्ये बंद केली. ज्या शाळा-महाविद्यालयांनी तिथे दालने सजवली असतील, त्यांना ती हलवावी लागली असणार. म्हणून नोंदी, विषयशीर्षके आणि त्यांचे परस्परसंबंध आपल्या स्वतःच्या तालिकेत ठेवावेत. दालन हे त्या माहितीचे केवळ एक दर्शन असावे. दृष्टिहीन विद्यार्थ्याला तेच संबंध पडदावाचकातून (पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) यादीच्या रूपात मिळाले पाहिजेत, याबाबत तडजोड नसावी.

ग्रंथयात्री

सर्वांचे मनापासून आभार. समितीपुढे मी आता हेडसेटची मागणी न ठेवता, नेहमीच्या संगणकावर ब्राउझरमध्ये उघडणारी, पुस्तकांच्या कण्यांची फळी मांडणार आहे आणि सुरुवात सिंचन या विषयापासून करणार आहे. एकच शंका उरते. विद्यार्थ्याने स्वतःची फळी स्वतः लावली, तर आमची विषयवार मांडणी बिघडणार नाही का?

वर्गांक

बिघडणार नाही, मॅडम. ग्रंथालयाची फळी सर्वांसाठी एकच आणि स्थिर ठेवा, आणि तिच्याखाली प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची स्वतःची रिकामी फळी द्या. तिथे त्याने काय कशाशेजारी ठेवले, ते दाखलांकांसह (प्रत्येक प्रतीच्या नोंदणी क्रमांकांसह) जतन होऊ द्या. वर्षअखेरीस या फळ्या विषयशिक्षकांसोबत चाळा. दोन दूरच्या वर्गांकांतील पुस्तके अनेकांनी शेजारी ठेवलेली आढळली, तर त्या नोंदींना नवे विषयशीर्षक जोडा.