मिक्सर भंगारात देण्याआधी

मिक्सर बिघडला की दुरुस्तीपेक्षा नवीन घेणंच परवडतं, असं बरेच जण म्हणतात. मला अजिबात पटत नाही. नेमकं काय बिघडलंय ते आधी बघूया तरी! मिक्सर चालता चालता एकदम बंद पडला, तर प्लग काढून तो उलटा करा. बहुतेक मिक्सरच्या तळाशी लाल बटण असतं, भार जास्त झाला की ते बाहेर येतं. मोटर थंड होऊ द्यायची, बटण आत दाबायचं, काम झालं. मोटर फिरतेय पण पातं जागचं हलत नाही? मग भांड्याखालच्या कपलरचे, म्हणजे भांडं मोटरला जोडणाऱ्या चकतीचे, दाते बघा, झिजून गुळगुळीत झालेले असतील. आत ठिणग्या दिसत असतील तर बहुधा कार्बन ब्रश संपलेत. एवढ्याशा काळ्या कांड्या असतात, त्यांच्यापायी अख्खी तांब्याची मोटर भंगारात जाते, याचं फार वाईट वाटतं.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलंय. कंपन्यांची माहितीपुस्तकं, सेवा केंद्रं तिथे सापडतात. पण मी तरी आधी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडेच जाते. तो समोर उघडून दाखवतो.

आणि एखादी वस्तू क्वचितच लागत असेल, तर नवीन घेण्याऐवजी उसनी मागायला लाजू नका. आमच्या मजल्यावर चार घरांत ड्रिल एक, पुरणयंत्र एक. पुरणयंत्र शेजारच्या काकूंचं. होळीला ते फिरत फिरत आमच्याकडे येतं, आणि परत जाताना त्यासोबत दोन पुरणपोळ्या जातात.