मदत हवी आहे: जुन्या पीसीला डीव्हीडी रायटर दिसत नाही

विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप, साटा (हार्ड डिस्क, डीव्हीडी ड्राइव्ह मदरबोर्डला जोडायची केबल-पद्धत) डीव्हीडी रायटर. ट्रे उघडतो, हिरवा दिवा एकदा लुकलुकतो, पण ड्राइव्ह बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालणारा मदरबोर्डचा प्रोग्रॅम) दिसत नाही; म्हणजे विंडोजमधल्या ड्रायव्हर सॉफ्टवेअरचा घोळ नसावा. डेटा केबल आणि पॉवरचा कनेक्टर बदलून झाला. हार्ड डिस्क ज्या पोर्टवर नीट चालते तिथेही लावून पाहिला, तरी नाही.

२००३ च्या सिंहस्थात बाबांनी रामकुंडावर काढलेले फोटो फक्त सीडीवर आहेत आणि तिच्या कडेला आता बारीक ठिपके दिसू लागलेत, म्हणून घाई. लॅपटॉपला ड्राइव्ह नाही.

ड्राइव्हचा बोर्डच गेला असं धरायचं का? की १२ व्होल्टचा वेगळा पुरवठा असलेल्या साटा-यूएसबी अडॅप्टरवर एकदा तपासू? तसा अडॅप्टर नाशिकमध्ये, एम. जी. रोडला वगैरे, कुठे मिळेल?