कचरा डेपोलगतचे भूजल आणि जमिनीतील वायू: तपासणी कशी करावी?

प्रश्न: पुण्याजवळच्या उरुळी देवाची-फुरसुंगी परिसरातील विहिरींचा अभ्यास करायचा आहे. पाण्याच्या एकाच नमुन्यावरून प्रदूषण कचऱ्याचेच आहे, असे म्हणता येईल का?

उत्तर १: नाही. भूजलाच्या प्रवाहानुसार डेपोच्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन्ही अंगांच्या विहिरींची तुलना हवी, आणि तीही उन्हाळा, पावसाळा व पावसाळ्यानंतर अशी तिन्ही वेळा. क्लोराइड मातीत फारसे अडकत नसल्याने ते आधी वाढलेले दिसते. त्याच्या जोडीला अमोनिया आणि विद्युतवाहकताही वाढली, तर संशय बळावतो. नुसते नायट्रेट वाढले असेल, तर आधी शेतातील खतांकडे पाहावे. आपल्याकडील काळ्या पाषाणात पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे शेजारच्या दोन विहिरींचे पाणीही वेगळे निघू शकते. बोअरमधील साचलेले पाणी उपसून, वाहकतेचा आकडा स्थिरावल्यावरच बाटली भरावी. ही पायरी सर्रास गाळली जाते.

प्रश्नकर्ता: आणि वायू?

उत्तर २: त्यासाठी भोके पाडलेल्या नळ्या जमिनीत बसवून मिथेन, कार्बन डायऑक्साइड, ऑक्सिजन आणि हवेचा दाब एकत्र नोंदवावा. मिथेन हवेत सुमारे ५ टक्के झाला की स्फोटक ठरतो. २०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावस्थळावर त्याच्या चतुर्थांशाची, म्हणजे १.२५ टक्क्यांची मर्यादा घातली. इंग्लंडमधील लॉस्को येथे मार्च १९८६ मध्ये हवेचा दाब झपाट्याने उतरला, भरावातील वायू जमिनीखालून सरकला आणि एक बंगला स्फोटात उद्ध्वस्त झाला. म्हणून दाब उतरत असतानाची मोजणी चुकवू नये.