ब्लाँडच घ्या
हॉलच्या भिंतींसाठी ब्लाँड आणि रिस्ट्रेन्ड गोल्ड या दोन पिवळसर रंगांमध्ये अडलंय म्हणता. शेरविन-विल्यम्स या रंग कंपनीच्या शेड कार्डावर एकाच पट्टीवरचे हे शेजारी, क्रमांक ६१२८ आणि ६१२९. दुसरा एक पायरी गडद. कार्डावर फरक किरकोळ वाटतो, पण चारही भिंती रंगल्या की पिवळा एकमेकींवर पडून आणखी चढतो. त्यात तुमचा हॉल उत्तरेकडचा. त्या निळसर उजेडात गडद सोनेरी हिरवट, मोहरीच्या चटणीसारखा दिसायला लागतो. मी तरी ब्लाँडच घेईन. रिस्ट्रेन्ड गोल्डचा फारच मोह असेल तर जेवणाच्या खोलीला द्या, संध्याकाळी २७०० केल्विनच्या, म्हणजे उबदार पिवळसर उजेडाच्या दिव्यात खुलेल. नमुना जुन्या भिंतीवर नको. मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात मारा, कडेला पांढरी पट्टी सोडा, आणि पुठ्ठा प्रत्येक भिंतीला लावून बघा.