मदत हवी आहे: १२ दिवसांची लेक, दूध पुरतंय की नाही कसं ओळखायचं? (आणि गुटीवरून घरात वाद)

नमस्कार मंडळी, एका हाताने टाइप करतेय, दुसऱ्या हातावर लेक झोपलीये, तेव्हा शुद्धलेखनाकडे जरा कानाडोळा करा.

पहिलंच बाळंतपण. ३८ आठवडे झाले होते, पाणी कमी झालं म्हणून सिझर केलं. मुलगी झाली, वजन २.९ किलो. पहिले दोन दिवस मला नीट बसताच येत नव्हतं, दूधही म्हणावं तसं उतरलं नव्हतं, तर सिस्टरनी मला न विचारताच वाटी-चमच्याने पावडरचं दूध पाजलं. चौथ्या दिवशी घरी सोडताना वजन २.६८. डॉक्टर म्हणाले सुरुवातीला सगळ्याच बाळांचं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. ऐकलं, पण डोक्यात काही शिरलं नाही.

तिथून माहेरी आले, साताऱ्याला. नवरा पुण्यात, शुक्रवारी रात्री येतो आणि रविवारी जातो. काल अकराव्या दिवशी इथल्या डॉक्टरांकडे नेलं तर २.८०. ते म्हणाले फक्त अंगावरचंच पाजा, चार दिवसांनी परत आणा. पण घरी आल्यापासून आई, आजी, शेजारच्या काकू, मालिशवाल्या मावशी, सगळ्यांचं एकच, दूध पुरत नाही तुझं, वरचं सुरू कर. आजी तर वजनकाट्याला मानतच नाही, मांडीवर घेतलं की कळतं म्हणते. संध्याकाळी सहा ते दहा ती सलग अंगावर असते, सोडलं की रडते, मग आजी "बघ, उपाशी आहे पोर" असं म्हणते आणि मला रडायला येतं. अळिवाची खीर, मेथीचे लाडू, शतावरी, शेपूची भाजी सगळं चालू आहे, माझंच वजन वाढतंय फक्त.

दुसरं म्हणजे गुटी. आजीने सहाण काढून धुऊन ठेवलीये, वेखंडाचा एक वेढा, हळकुंडाचा एक, जायफळाचा अर्धा, मुरुडशेंग, बाळहिरडा, सगळं तिच्या बोटांवर पाठ आहे. बारशानंतर सुरू करायची म्हणते आणि बारसं रविवारी आहे. डॉक्टर म्हणाले सहा महिने पाणीसुद्धा नको. आजीला नाही कसं म्हणू? तिनेच मला वाढवलंय.

एक गंमत सांगते. पाचवीला सटवाईसाठी वही-पेन ठेवलं होतं ना, ते मीच उचललं. सकाळी वही कोरीच होती, मग म्हटलं आपणच लिहू, आता त्यात शी-शूच्या नोंदी करते. काल शू ७, शी ४, पिवळी. हे बरोबर आहे ना?

रानजाई: अगं बरोबर आहे! मी लहान मुलांच्या डॉक्टरांकडे ११ वर्षं सिस्टर होते. पाचव्या दिवसानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा शू, तीही फिकट रंगाची, आणि मोहरीसारखी पिवळी शी म्हणजे पोटात दूध जातंय. लंगोट वापरतेस की डायपर? डायपरमध्ये मोजायला अवघड जातं. तुझ्या लेकीचं वजन उतरलं ते आठ टक्क्यांच्या आतच, आणि आता आठवड्यात १२० ग्रॅम भरलंय. दिवसाला २० ते ३० वाढावं अशी अपेक्षा असते, म्हणजे थोडं कमी आहे, म्हणूनच चार दिवसांनी बोलावलंय, घाबरवायला नाही. दोन्ही काटे वेगळे होते का? अंगावर झबलं होतं का? पुढच्या वेळी उघडीच ठेवून आणि त्याच काट्यावर कर. संध्याकाळची चिकचिक बहुतेक बाळं करतात, तेवढ्यावरून दूध कमी आहे असं ठरवू नकोस. मात्र बाळ सुस्त झालं, पाजायला उठेचना, शू कमी झाली, पिवळेपणा पायापर्यंत आला, ताप आला, तर चार दिवस थांबायचं नाही, लगेच गाठायचं.

खमंग_काकडी: आमच्या वेळी कोणी शू मोजत नव्हतं. आजकालच्या मुलींना सगळ्याचंच टेन्शन.

रानजाई: काकडी, तुमच्या वेळी तुमच्या सासूबाई मोजत असतील, वाळत घातलेले लंगोट मोजून.

दोन_लेकरांची_आई: मलाही सिझरच होतं. बाळ पोटावर टेकलं की टाके ओढतात, म्हणून आपण घाईत कसंही धरतो आणि बाळाच्या तोंडात नुसतं टोक जातं. बाळाला काखेखाली घे, पाय तुझ्या पाठीकडे, खाली उशी, आणि तोंड मोठं उघडलं की मगच लाव. भेगा पडल्यात का तुला? पडल्या असतील तर पकड चुकतेय, एकदा कोणाकडून तरी प्रत्यक्ष बघून घे. आणि गुटीचं म्हणशील तर तू नाही म्हणूच नकोस. आजीलाच डॉक्टरांकडे घेऊन जा आणि तिलाच विचारू दे.

सह्याद्रीवारा: मी बाबा-पार्टीतला. नवऱ्याला सांगा सुट्टी काढायला, हे वीकेंड पाहुणे प्रकरण बंद करा. मी पहिले तीन आठवडे ढेकर काढणं आणि लंगोट बदलणं माझ्याकडे घेतलं होतं, बायको सलग तीन तास झोपायला लागली. आणि ताई, रडू येतंय म्हणालात, पहिल्या दोन आठवड्यांत बऱ्याच जणींना येतं, पण त्यापुढेही राहिलं तर लाजू नका, डॉक्टरांना सांगा. टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

(मूळ प्रश्न विचारणारी) अपडेट: सगळ्यांना खूप थँक्यू! भेगा होत्याच, लिहायला लाज वाटली होती. काखेखाली धरून पाजायला लागले, पहिल्या दिवशी कमरेची वाट लागली पण दुखणं निम्म्यावर आलं. आज पंधरावा दिवस, आजीला बरोबर घेऊन गेलो. उघडी ठेवून, त्याच काट्यावर, २.९२! आजीने डॉक्टरांना थेट विचारलं, मग आमची पाच पोरं गुटीवर वाढली ती कशी? ते हसून म्हणाले, आजी, ती तुमच्या दुधावर वाढली, गुटी मध्ये उगाच भाव खाऊन गेली. रिक्षात ती एक शब्द बोलली नाही. घरी येऊन सहाण पुसली, परत कागदात गुंडाळली आणि माळ्यावर नाही, कपाटात खालच्याच खणात ठेवली, म्हणजे विषय संपलेला नाही. नवऱ्याने बारशाला जोडून दहा दिवस सुट्टी टाकलीये.

रानजाई, अजून एक. तीन वेळा शिंका आल्या सकाळपासून, नाक वाहत नाहीये, ताप नाही. वहीत लिहून ठेवू का?